माझे उलटे घड्याळ

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या स्नेहसंमेलनातील भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोलायचं." मी म्हणाले, "अहो, मी काय बोलणार? एखादी शिकलेली, चार गावं पाहिलेली बाई आणा." त्यावर त्या म्हणाल्या, "तशा बायका दर वर्षी येतात. यंदा आपल्यातलीच कोणीतरी हवी. फक्त वीस मिनिटांत आटपा म्हणजे झालं. मागच्या वर्षी भाषण लांबलं आणि कॉफी निवून गेली." तेव्हा मी मनाशी ठरविले की, ज्या वस्तूच्या आधारावर मी वीस मिनिटांत आटपणार आहे, त्या वस्तूवरच चार शब्द बोलावे.

ती वस्तू मी येथे टेबलावर ठेवली आहे. मागे बसलेल्यांना दिसत नसेल म्हणून सांगते. मुठीत मावेल एवढी गोल डबी आहे. तिच्या कडेने साठपर्यंत आकडे आहेत. डबीचे वरचे अंग फिरविले की आतली स्प्रिंग पिळली जाते, आणि मग टिकटिक करीत ते अंग हळूहळू उलटे येऊ लागते. शून्यावर आले की घंटा वाजते. दुकानदार तिला किचन टायमर म्हणतो. मी तिला माझे उलटे घड्याळ म्हणते. आत्ता मी ते विसावर लावले आहे. चिटणीसबाई, आपण निश्चिंत असा.

भिंतीवरचे घड्याळ आपणा सर्वांच्या घरी आहे. ते किती वाजले हे सांगते. म्हणजेच किती वेळ गेला आणि किती उशीर झाला हे सांगते. दूधवाला यायचा, नातवाची शाळेची गाडी यायची, यजमानांची गोळी द्यायची, हे सगळे तेच सांगते. ते घड्याळ साऱ्या घराचे असते. हे उलटे घड्याळ मात्र एकच गोष्ट सांगते: अजून एवढा वेळ तुझा आहे. या एका वाक्यासाठीच मी आज उभी आहे.

हे घड्याळ सहा वर्षांपूर्वी भाचीने मला दिले तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. म्हटले, मला काय करायचे आहे? माझा कुकर शिट्ट्या देतो, मी मोजते. डाळीला तीन, राजम्याला सहा. भाची म्हणाली, "मावशी, शिट्टी वेळ सांगत नाही. आत वाफ जास्त झाली की वजन उचललं जातं आणि ती बाहेर पडते, एवढंच. आच मोठी ठेवलीस तर तीन शिट्ट्या भराभर होतील आणि डाळ कच्ची राहील. पहिली शिट्टी झाली की आच बारीक कर आणि मिनिटं मोज." तसे करून पाहिले. डाळ बोटचेपी शिजली आणि गॅसही वाचला. पण तेवढ्यापुरतेच. दोन-अडीच वर्षे बिचारे घड्याळ ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी बसून राहिले.

मग मी पडले.

पावसाळ्याचे दिवस होते. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय सरकला, तोल सावरायला उजवा हात पुढे केला आणि मनगटाचे हाड मोडले. आपल्यापैकी कितीजणींचे मनगट असेच गेले असेल! पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात, आणि पडताना माणूस सहजच हात टेकतो. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. हाड सांधले, पण माझा धीर काही सांधला नाही. जिना उतरताना कठडा घट्ट धरू लागले. देवळात जाणे सोडले. मंडळाच्या भिशीला येणे सोडले, हे आपल्याला ठाऊकच आहे. खरे कारण मी कोणालाच सांगितले नव्हते. ते असे की, येथल्या सतरंजीवर बसले तर चारचौघींत उठता येणार नाही, याची मला भीती वाटत होती.

मनगटाचे व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी येत असे. वयाने माझ्या नातीएवढी. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजी, मनगट सुधारेल. पण तुम्ही पडलात पायांमुळे. खुर्चीतून कशा उठता ते मला दाखवा." तिने जेवणाच्या टेबलाची बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, दोन्ही हात छातीवर ठेवायला सांगितले आणि ओट्यावरचे हे घड्याळ पाहून म्हणाली, "हे फार मोठं आहे, आपल्याला अर्धंच मिनिट हवं." तिने आपल्या मोबाइलवर तीस सेकंद लावली. त्या तीस सेकंदांत हातांचा आधार न घेता किती वेळा पूर्ण उभी राहते ते मोजायचे. मी सात वेळा उठले आणि धापा टाकीत खाली बसले.

ही परीक्षा त्या मुलीने मनची काढलेली नव्हती. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, वृद्ध माणसे पडू नयेत म्हणून डॉक्टरांना जी परीक्षा नेमून दिली आहे, तीच ही. तिचे कोष्टक त्यांनी छापले आहे. बायकांपुरते सांगते, लिहून घ्या. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला तीस सेकंदांत निदान 12 वेळा उठता आले पाहिजे. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईला 11 वेळा. सत्तर ते एकोणऐंशीपर्यंत 10. ऐंशी ते चौऱ्याऐंशी 9. आणि पंच्याऐंशी ते एकोणनव्वद वयाच्या आजीबाईलासुद्धा 8. याहून कमी झाले तर पडण्याचा धोका अधिक, असे समजायचे. हात टेकून उठावे लागले तर शून्य मार्क. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची होते आणि मला मिळाले होते सात. म्हणजे एकोणनव्वद वर्षांच्या आजीबाईच्या परीक्षेतही मी नापास! त्या रात्री मला झोप आली नाही.

आता तुम्ही विचाराल, मग आधी व्यायाम का केला नाही? मी सर्वांना सांगत असे की मला वेळ नाही. पुष्कळ वर्षे मी हे स्वतःलाही सांगत आले. पण अंथरुणावर पडल्या पडल्या विचार केला तेव्हा कळले की, वेळ नव्हता हे काही खरे नाही. खरे असे की, माझ्या वेळेला काठ नव्हता. घरातल्या बाईचा वेळ म्हणजे अंगणातले गवत. ज्याला वाटेल त्याने यावे आणि ओरबाडून न्यावे. 'जरा चहा टाक', 'जरा बटण लावून दे', 'जरा बघ ना दारात कोण आहे' — या 'जरा'चा हिशेब कोणी ठेवीत नाही. त्यामुळे आपले असे काही सुरू करावयाचे म्हटले की, ते पुरे होईल याची खात्री नसते. आणि जे पुरे होणार नाही ते आपण सुरूच करीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे घड्याळ पुसून घेतले आणि चार मिनिटांवर लावले. येथे एक युक्ती सांगते. चावीच्या घड्याळावर थोडी मिनिटे लावायची असली तर आधी ते पंधरा-विसाच्या पुढे फिरवावे आणि मग मागे आणून चारावर ठेवावे. तसे केले नाही तर स्प्रिंग पुरती पिळली जात नाही आणि शेवटी घंटा धड वाजत नाही. मी घरात सांगून टाकले, "टिकटिक चालू आहे तोवर मला हाक मारायची नाही. घंटा वाजली की मी तुमचीच आहे."

पहिल्या दिवशी एक मिनिट झाले नसेल, तोच बाहेरून यजमानांची हाक आली, "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" जन्मभराच्या सवयीने माझे पाऊल उंबऱ्याकडे वळले. पण टिकटिक ऐकू येत होती. मी म्हणाले, "घंटा वाजली की सांगते." त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. घंटा वाजली तेव्हा बाहेर जाऊन पाहते तो चष्मा त्यांच्या नाकावर! तो त्यांचा त्यांनीच शोधला होता. भगिनींनो, चाळीस वर्षांच्या संसारात मी किती चष्मे शोधले असतील याचा हिशेब त्या दिवशी मला लागला. आता तर आमचा नातूच राखणदार झाला आहे. टिकटिक सुरू झाली की तो दारात उभा राहून आजोबांना दटावतो, "आजीचं घड्याळ चालू आहे!"

त्या चार मिनिटांत मी काय करीत असे तेही सांगते, कारण नुसता उपदेश कोणालाच नको असतो. पहिले मिनिट ओट्यापाशी जागच्या जागी चालणे. दुसऱ्या मिनिटात निम्मा वेळ खुर्चीतून उठबस आणि निम्मा वेळ विसावा. तिसऱ्या मिनिटात ओट्याला दोन्ही हात धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या. चौथ्या मिनिटात ओटा धरूनच एका पायावर उभे राहायचे, मनात दहा मोजायचे, मग दुसरा पाय. बस्स. पहिल्या आठवड्यात एवढ्यानेही मांड्या भरून आल्या. महिन्याने मी घड्याळ सहावर नेले, मग आठावर. तीन महिन्यांनी त्या मुलीने पुन्हा तीस सेकंद लावली तेव्हा अकरा झाले. गेल्या महिन्यात तेरा झाले. आणि आज मी त्या सतरंजीवरून कोणाचाही हात न धरता उठून येथे आले, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

कोणी म्हणेल, चार मिनिटांनी काय होते? पूर्वी जाणते लोकही असेच म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली सांगितले होते की, व्यायाम सलग दहा मिनिटे तरी हवा. पण 2020 साली नवे नियम करताना त्यांनी ही अट काढून टाकली. प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि ती लहान लहान तुकड्यांनी झाली तरी जमेस धरावी, असे ते आता सांगतात. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढविणारे व्यायामही करावेत, असे ते म्हणतात. आपण रुपयाचे सुटे पैसे डब्यात टाकतो, त्यातलाच हा प्रकार. सुटे पैसेही पैसेच असतात.

मात्र येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. चार मिनिटांच्या व्यायामाची हल्ली फार जाहिरात असते. जपानमधील तबाता नावाच्या शास्त्रज्ञाने 1996 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस सेकंद जिवाच्या आकांताने सायकल मारायची, दहा सेकंद थांबायचे, असे सात-आठ वेळा करायचे. त्याने दम आणि ताकद दोन्ही वाढतात असे त्यांना दिसले. हे खरेच, पण त्यांची माणसे होती व्यायामशाळेतली तरणीबांड मुले! आपण त्यांच्याशी शर्यत लावू नये. रक्तदाब असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, गुडघ्याचे शस्त्रक्रियेचे दुखणे असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी, चाकांची नसावी, आणि फरशी ओली नसावी. पडू नये म्हणून व्यायाम करायचा आणि व्यायाम करतानाच पडायचे, असे होता कामा नये.

आता तुम्हांला वाटेल, हे उलटे घड्याळ म्हणजे साहेबाच्या देशातले खूळ. मलाही तसेच वाटत होते. पण विचार करता करता आठवले की, ही वस्तू आपल्या घरची आहे. आपल्या लग्नांत पूर्वी जोशीबुवा घटिकापात्र मांडीत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची हलकी वाटी तरंगत ठेवायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी आत येई, वाटी भरत भरत बुडे आणि एक घटका पुरी होई. उलटे घड्याळ म्हणजे दुसरे काय? दिवसाच्या साठ घटका, म्हणून एक घटका म्हणजे 24 मिनिटे. घटकेची साठ पळे, म्हणून एक पळ म्हणजे 24 सेकंद. आपल्या भाषेत तर हे घटिकापात्र अजून तरंगते आहे. 'घटकाभर टेका', 'पळभर थांब', 'घडीचा विसावा' असे आपण रोज म्हणतो.

आणि गंमत पाहा. 1980 नंतरच्या दशकात इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा एक विद्यार्थी होता. अभ्यासात मन लागत नाही म्हणून त्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे असेच एक चावीचे घड्याळ घेतले. पुढे त्याने पद्धतच बसविली: 25 मिनिटे एकचित्ताने काम आणि 5 मिनिटे विश्रांती. टोमॅटोला इटलीत पोमोदोरो म्हणतात, तेच त्या पद्धतीचे नाव झाले. आज जगभरचे लोक तिची वाखाणणी करतात. आता 25 मिनिटे म्हणजे किती? आपली एक घटका आणि वर एक मिनिट! आपल्या पणज्या घटकाभर दळून घटकाभर टेकत होत्या, तेव्हा त्यांना या पद्धतीचे नाव कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

घटिकापात्राची एक दंतकथाही आपण ऐकलेली असेल. भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती' लिहिली. तिचे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील फैजीने 1587 साली केले, त्यात ही कथा आली आहे. लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडले होते. ती कुतूहलाने वाकून वाटीत पाहायला गेली आणि तिच्या अंगावरचा एक मोती निसटून वाटीच्या भोकात अडकला. पाणी आत येईना, वाटी बुडेना, मुहूर्त टळून गेला. कथा खरी की खोटी हा पंडितांचा प्रश्न. मी त्यातून माझ्यापुरता एवढाच बोध घेतला की, घड्याळ एकदा लावले की त्यात डोकावू नये. त्याचे काम त्याला करू द्यावे, आपले आपण करावे. म्हणूनच मी मोबाइलमधला टायमर सहसा वापरीत नाही. तो चांगला असतो, फुकट असतो. पण वेळ पाहायला हातात घ्यावा तो सतरा निरोप आलेले असतात. घंटा वाजते तेव्हा आपण कोणाच्या तरी बारशाचे फोटो पाहत बसलेल्या असतो. मोबाइलच वापरायचा असेल तर टायमर लावून तो पालथा ठेवावा, आणि हात लांब ठेवावा.

आता विश्रांतीविषयी. व्यायाम करा म्हटले तर बायका निदान ऐकून घेतात. विश्रांती घ्या म्हटले की रागावतात. आपल्या शिवणवर्गाच्या भगिनी येथे बसल्या आहेत. यंत्रावर बसल्या की तीन-तीन तास मान वर करीत नाहीत, आणि मग मान, पाठ, डोळे सगळेच एकदम बोलू लागते. त्यांनी वीस मिनिटांवर घड्याळ लावावे. घंटा झाली की वीस सेकंद खिडकीतून वीस फुटांपलीकडच्या झाडाकडे पाहावे. डोळ्यांचे डॉक्टर हाच वीस-वीस-वीसचा नियम सांगतात. जवळचे पाहताना आवळलेला डोळ्यांतला स्नायू दूर पाहताना सैल होतो, आणि आपण पापण्या मिटायला विसरतो तेही आठवते. दर दोन घंटांनी उठून माठापर्यंत जावे, पाणी प्यावे, खांदे फिरवावेत. शिवण बिघडणार नाही. उलट टीप सरळ येईल.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्यांना तर हे मी कळकळीने सांगते. माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षे पडून होत्या. त्या वेळी मी दिवसाकाठी पाच मिनिटेसुद्धा बसले नाही. बसले की वाटे, आपण चुकारपणा करतो आहोत. आज कळते की दहा मिनिटांचे घड्याळ लावून गच्चीत बसले असते, तर काही बिघडले नसते. घंटा आपल्याला परत बोलाविणारच असते. त्यामुळे बसताना अपराधी वाटत नाही. विश्रांतीला शेवट असला की ती आळस राहत नाही.

मी तेव्हा बसले नाही, त्याचे काय झाले तेही आज सांगते. थकलेल्या माणसाची जीभ ताब्यात राहत नाही. माझ्या धाकट्या जाऊबाई नागपूरला असत. त्या चार दिवसांसाठी आल्या, सासूबाईंचे केस विंचरून दिले आणि म्हणाल्या, "ताई, केसांत किती गुंता झालाय!" मी फटकन् म्हणाले, "पाहुण्यांना गुंताच दिसणार. बाकीचं दिसायला घरात राहावं लागतं." त्या काही बोलल्या नाहीत. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी निघून गेल्या. सासूबाईंच्या दिवसांना आल्या तेव्हा आम्ही दोघी कामापुरत्या बोललो. त्यानंतर अकरा वर्षे लग्नकार्यात हळदीकुंकवापुरता संबंध राहिला.

व्यायामाची चार मिनिटे अंगवळणी पडल्यावर मी रात्री निजण्यापूर्वी तीन मिनिटांचे घड्याळ लावू लागले. दिवा मालवायचा, खुर्चीत ताठ बसायचे आणि दिवसाकडे मागे वळून पाहायचे. जप नाही, पोथी नाही. ज्यांना ती हवी त्यांनी जरूर वाचावी. मी फक्त तीन प्रश्न विचारते. आज काय बरे झाले? आज माझ्याकडून कोण दुखावले? उद्या त्याबद्दल काय करता येईल? पहिल्या प्रश्नाला रोज काहीतरी सापडते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र पहिले आठ-दहा दिवस एकच उत्तर येत राहिले. आजचे कोणी नाही. पण ते अकरा वर्षांपूर्वीचे वाक्य आहे. मी ते बाजूला सारी, ते पुन्हा येई. घड्याळ चालू असताना उठता येत नाही ना! एरवी असे काही मनात आले की, आपण उठून दूध विरजायला लागतो. त्या तीन मिनिटांत पळायला वाटच नव्हती.

एका संध्याकाळी मी पाच मिनिटांचे घड्याळ लावले आणि नागपूरला फोन केला. घड्याळ अशासाठी की, बोलणे भांडणाकडे वळले तर घंटा वाजेल आणि मला 'कुकर झाला' म्हणून फोन ठेवता येईल! मी म्हणाले, "मी त्या वेळी बोलले ते चुकलंच. तुझ्यावर राग नव्हता. मी दमले होते." पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मला या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग त्या म्हणाल्या, "ताई, मला कळायला हवं होतं. मी कंगवा घेऊन बसले, त्याऐवजी तुम्हांला म्हणायला हवं होतं की, जा, झोपा जरा." एवढ्यात घंटा वाजली. त्यांनी विचारले, "कसला आवाज?" मी म्हणाले, "काही नाही, चालू दे." त्या दिवशी घंटेनंतरही आम्ही बोलत होतो. मागच्या दिवाळीत त्या आल्या आणि आठ दिवस राहिल्या.

म्हणून या घड्याळाचे दोषही सांगायला हवेत. प्रत्येक गोष्टीला ते लावू नये. पोर मांडीवर येऊन काही सांगू लागले, शेजारीण डोळ्यांत पाणी घेऊन आली, म्हातारे माणूस जुनी गोष्ट चौथ्यांदा सांगू लागले, तर तेथे घंटेचे काय काम? आणि ज्यांना मुळातच घाईची सवय आहे, त्यांनी याला चाबूक करू नये. आठ मिनिटांत पोळ्या, सहा मिनिटांत भाजी, असा लढा मांडला तर हे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षाही वाईट. हे कुंपण आहे, चाबूक नव्हे. कुंपण जनावराला हाकण्यासाठी नसते, आत लावलेले रोप वाढावे म्हणून असते.

चावीचे घड्याळ घेण्याची ऐपत नसली तरी अडत नाही. आम्ही मुली परकर खोचून हुतुतू खेळत असू, तेव्हा श्वास हेच आमचे घड्याळ होते. दम टिकेल तेवढीच चढाई. आताच्या कबड्डीत चढाईला तीस सेकंद ठरवून दिली आहेत, पण मूळ माप श्वासाचेच. शांतपणे वीस श्वास मोजले तरी एक-दीड मिनिट होते. ते माप देवाने प्रत्येकीच्या नाकात बसवून दिले आहे, आणि त्याला चावी द्यावी लागत नाही.

आता टिकटिक संपत आली आहे, तेव्हा एकच विनंती करते. मंडळाला इतकी वर्षे झाली. आपण येथे पापड केले, शिवण शिकलो, पूर आला तेव्हा भाकऱ्या भाजल्या. इतरांसाठी वेळ कसा काढावा हे कोणी आपल्याला शिकवायला नको. यंदापासून दर सभेच्या आरंभी दोन गोष्टी कराव्यात. सतरंजीवर बसण्यापूर्वी खुर्च्या भिंतीला लावून, जिला जमेल तिने तीस सेकंद उठबस करावी आणि आपला आकडा वहीत लिहावा. कोणाचा आकडा कोणी हसण्यावारी नेऊ नये. सातचा आकडा लिहायला मी पहिली असेन, कारण तो माझाच होता. आणि मग एक मिनिट सर्वांनी गप्प बसावे. ते मिनिट श्रद्धांजलीचे नव्हे! जिवंतपणी स्वतःसाठी घेतलेले एक मिनिट, एवढेच समजावे.

 चिटणीसबाई, ऐका, घंटा वाजली. कॉफी गरम असेल.